आधी पाणी, मग फरशी, शेवटी रॅक : घरचे गॅरेज लावणाऱ्यांचे प्रश्न

कूलर बंद झाले, दिवाळी आटोपली की नागपुरात घरोघरी गॅरेज उपसले जाते. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत चौकशी रॅकची, रंगाची आणि दिव्यांची आहे. तपशील वाचल्यावर मात्र खरे दुखणे फरशीत आणि पाण्यात असल्याचे दिसते. म्हणून उत्तरेही खालून वर घेतली आहेत. फरशीचे काम काढायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा काँक्रीटची तराई उन्हाशी भांडत करावी लागते, आणि ऊन जिंकते.

प्रश्न : आमचे गॅरेज १२ बाय १८ फुटांचे आहे, जमीन काळ्या मातीची. कोबा मधोमध उचलला गेलाय, भिंतीलगत खचलाय. भेगा सिमेंटने भरल्या की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फाटतात. मिस्त्री म्हणतो, वरून चेकर्ड टाइल मारून टाकू. मारावी का? — वाचक, मानेवाडा

उत्तर : नको. टाइलचे पैसे जातील आणि दोन उन्हाळ्यांत भेग टाइलमधून वर येईल.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. कोब्याखालच्या मधल्या मातीला ऊन लागत नाही, त्यामुळे ती ओलसर राहते. भिंतीलगतची माती बाहेरच्या बाजूने सुकत जाते. मध्य वर, कडा खाली, हे चित्र त्यातूनच तयार होते. तरी खात्री करून घ्या. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि मे व ऑगस्टमध्ये रुंदी मोजा. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग मातीची असते. वर्षभर तशीच राहणारी केसासारखी भेग कोबा आकसल्याची असते, ती भरली तरी चालते. तुमची पहिल्या प्रकारातली दिसते.

उपाय मेहनतीचा आहे, पण घरच्या घरी दोन मजूर घेऊन होतो. जुना कोबा फोडा आणि तयार फरशीच्या पातळीपासून १६ इंच खाली खणा. खणताना प्लिंथ बीमच्या (भिंतीखालच्या आडव्या काँक्रीट तुळईच्या) तळाखाली जाऊ नका. बीम उथळ असेल किंवा दिसतच नसेल, तर तिथेच थांबून इंजिनिअरला दाखवा. पाया मोकळा करण्याइतकी फरशी महत्त्वाची नाही. खालची माती किंचित ओली करून ठोका. वाळवीचे औषध मारायचे असेल तर याच वेळी मारा, एवढी सोपी संधी पुन्हा मिळणार नाही.

त्यावर १२ इंच मुरूम. तो एकदम ओतायचा नाही. सहा-सहा इंचांचे दोन थर, प्रत्येक थर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा. कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. हाताच्या धुमसने करणार असाल तर थर चार इंचांचे घ्या, कारण तिचा मार खोल पोहोचत नाही. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून सैल माल पावणेतीन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवा. मुरमावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडावर सहा इंच चढवून. भिंतीलगत सगळीकडे अर्ध्या इंचाच्या थर्माकोलची पट्टी उभी करा. ही पट्टी बहुतेक मिस्त्री गाळतात. ती नसली की फरशी भिंतीला चिकटते, आणि माती हलली की कोपऱ्यातून फाटते.

वर चार इंच काँक्रीट, प्रमाण १ : १.५ : ३. तुमच्या मापाला साधारण १६ गोणी सिमेंट, ०.३ ब्रास रेती आणि ०.६ ब्रास २० मिमी गिट्टी लागेल. पाणी गोणीला २५ लिटरच्या वर नको, रेती ओली असेल तर त्याहून कमी. पसरायला सोपे जावे म्हणून मजूर पाणी वाढवतात, त्याचीच पुढे फरशीवर भुकटी सुटते. उतार शटरकडे, १०० ला १. म्हणजे १८ फुटांत सुमारे सव्वादोन इंच.

घोटाई करताना वर पाणी सुटलेले असेल तर थांबा. त्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून थापी फिरवली की फरशी त्या दिवशी आरशासारखी दिसते. मात्र तो थर खालच्या काँक्रीटपासून वेगळाच राहतो आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कटरने एक इंच खोल खाचा मारा : लांबीच्या मधोमध एक, रुंदीच्या मधोमध एक. काँक्रीट आकसताना कुठेतरी तडकणारच, ते खाचेत तडकू द्या. सळईची जाळी टाकायची असेल तर ती कव्हर ब्लॉकवर (सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यांवर) उचलून, काँक्रीटच्या वरच्या तिसऱ्या भागात बसली पाहिजे. कागदावर आडवी पडलेली जाळी काही कामाची नाही.

तराई दहा दिवस, मातीचे आळे करून पाणी साठवून. स्कूटर सात दिवसांनी आत घ्या, कार मात्र २८ दिवसांनीच.

आणि घराबाहेरचे काम विसरू नका. गॅरेजच्या भिंतीला लागून तीन फूट रुंद, बाहेर उतरती फरशी करा. छताच्या पाइपचे पाणी, कुंड्यांचे पाणी, कूलरची गळती यातले काहीच भिंतीच्या पायथ्याशी मुरता कामा नये. आतली फरशी कितीही चांगली केली तरी एका बाजूला माती भिजत आणि दुसऱ्या बाजूला सुकत राहिली तर ती हलणारच.

प्रश्न : फरशीला इपॉक्सी रंग लावला होता. कार उभी राहते तिथेच चार चाकांचे चार ठसे उखडले. रंग खराब निघाला का? — वाचक, प्रतापनगर

उत्तर : रंगापेक्षा आधीच्या तयारीत कसूर राहिली असण्याची शक्यता जास्त. उन्हातून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. थंड होताना टायरचे रबर आकसते आणि खालचा रंग ओढते. रंगाची पकड फरशीत शिरलेली असेल तर तो टिकतो, गुळगुळीत घोटलेल्या कोब्यावर नुसता बसलेला असेल तर टायरबरोबर जातो.

पुन्हा लावण्याआधी ओलीची परीक्षा करा. दीड बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिक तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर, किमान १६ तास ठेवा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडले असेल तर इपॉक्सी लावूच नका. ही परीक्षा पावसाळ्याच्या शेवटी करायची. मार्चमध्ये नागपुरातली कुठलीही फरशी कोरडीच निघते. फरशीखाली प्लास्टिक कागद नसेल तर ओल वर येत राहणार. तिथे इपॉक्सीऐवजी काँक्रीटमध्ये शिरणारे सिलिकेटचे फ्लोअर हार्डनर बरे. चमक येत नाही, पण उखडायला वर थरच नसतो.

परीक्षेत फरशी पास झाली तर ऑइलचे डाग डिटर्जंटने घासून काढा. मग ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावून सगळा पृष्ठभाग खरवडा, हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा लागेपर्यंत. तोंडावर मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात बसते. ॲसिडने धुण्याचा मार्ग स्वस्त आहे, पण वाफांनी शटर आणि हत्यारे गंजतात, म्हणून बंदिस्त गॅरेजमध्ये तो आम्ही सुचवत नाही.

पाण्यातले इपॉक्सी सुकल्यावर निम्म्याच्या आसपास उरते. कारखाली शंभर टक्के सॉलिड असलेले, दोन भागांचे घ्या. दोन थर मिळून ३०० मायक्रॉन जाडीसाठी २० चौरस मीटरला सहा लिटर पुरते. उन्हाळ्यात मिश्रण डब्यातच घट्ट होऊ लागते, तेव्हा एका वेळी लिटरभरच कालवा.

प्रश्न : जोराचा पाऊस झाला की शटरखालून पाणी आत येते. रबरी पट्टी लावली, उपयोग नाही. — वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आधी एक मोजमाप करा. पारदर्शक नळीत पाणी भरून तिचे एक टोक गॅरेजच्या फरशीवर आणि दुसरे रस्त्याच्या कडेला धरा. दोन्ही टोकांत पाणी एकाच पातळीवर थांबते, त्या पातळीपासून फरशी किती खाली आणि रस्ता किती खाली ते मोजा.

रस्ता खाली असेल तर काम सरळ आहे. शटरच्या बाहेर, पूर्ण रुंदीत, सहा इंच रुंद आणि सहा इंच खोल नाली काढा. वर लोखंडी जाळी, तळाला १०० ला १ उतार, टोकाला ११० मिमीचा पाइप. जाळी उचलता येईल अशीच बसवा. कडुनिंबाची पाने एका पावसात नाली भरून टाकतात.

शहरात अनेक ठिकाणी सिमेंटचे रस्ते झाल्यावर रस्ता वर आणि प्लॉट खाली अशी स्थिती झाली आहे. तुमचे तसे असेल तर नालीतले पाणी जायला वाटच नाही. मग गॅरेजची फरशी उचलणे किंवा दारात दोन-तीन इंचांचा उंचवटा करून आतल्या बाजूला पंप ठेवण्यापुरता खड्डा करणे, एवढेच पर्याय उरतात. रबरी पट्टी शिंतोडे अडवते, साचलेले पाणी नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तसल्या पाण्यापुढे कुठलीही पट्टी टिकत नाही. अशा भागात बॅटरी, बोर्ड आणि यंत्रे उंचावरच हवीत.

प्रश्न : भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळ्या लावल्या. सहा महिन्यांत स्क्रू प्लास्टिकच्या गिट्टीसकट बाहेर आले. भिंत राखेच्या विटांची आहे. रॅक आणि कार दोन्ही मावावे असे काय करता येईल? — वाचक, बेसा

उत्तर : तीन गोष्टी तपासा, बहुधा तिन्ही चुकलेल्या निघतील.

पहिली, भोकाची खोली. प्लास्टर अर्धा ते पाऊण इंच जाड असते आणि त्यात काही ताकद नसते. दीड-दोन इंची स्क्रूची निम्मी पकड प्लास्टरमध्येच वाया जाते. प्लास्टिकची गिट्टी पूर्णपणे विटेत गेली पाहिजे, म्हणजे ८ मिमीची गिट्टी, तीन इंच खोल भोक आणि तीन इंची स्क्रू. विटेच्या मधोमध भोक घ्या, सांध्यात नको.

दुसरी, ड्रिलचा हॅमर. राखेची वीट मऊ निघाली तर हॅमरने भोक ९-१० मिमीचे होऊन बसते आणि गिट्टी त्यात नुसती फिरते. अशा विटेत हॅमर बंद करून, अर्धा मिमी लहान बिटने भोक घ्या. भोकातली भुकटी फुंकून काढा. भुकटीत बसलेली गिट्टी पकडत नाही.

तिसरी, ब्रॅकेट उलटे लावणे. ब्रॅकेटचा लांब पाय भिंतीवर आणि आखूड पाय फळीखाली, हे योग्य. फळी मोठी मावते म्हणून लोक नेमके उलटे लावतात. हिशोब बघा. फळीवर ४० किलो आहे, फळी १२ इंच खोल, म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून सहा इंचांवर. भिंतीवरचा पाय आठ इंच असेल तर वरच्या स्क्रूंवर ३० किलोची ओढ येते. तेवढेच वजन १८ इंची फळीवर ठेवले तर ओढ ४५ किलो होते, आणि पाय सहाच इंच असेल तर ६०. वजन तेच, स्क्रूवरचा ताण दुप्पट. म्हणून भिंतीवरची फळी १० ते १२ इंचांपेक्षा खोल करू नका, दोन ब्रॅकेटमध्ये दोन फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, आणि तिथे हलक्या वस्तूच ठेवा. भिंत साडेचार इंची असेल तर जड सामानाचा विचारच सोडा.

जड सामान जमिनीवर उभ्या स्लॉटेड अँगलच्या रॅकवर. इतवारीच्या लोहा ओळीत अँगल हव्या त्या उंचीला कापून मिळतात. फळ्या ३६ बाय १५ इंचांच्या घ्या, दर कोपऱ्याला दोन बोल्ट, म्हणजे पाच फळ्यांच्या रॅकला ४० बोल्ट. सर्वांत वरच्या आणि खालच्या फळीला तिकोनी कॉर्नर प्लेट लावायलाच हव्यात. त्या नसल्या की भरलेला रॅक आडवा झुलतो. सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावा, रॅक ओळंब्यात आणा, मग पाना फिरवा. एकेक कोपरा घट्ट करत गेलात तर शेवटची फळी बसणारच नाही. पायाखाली प्लास्टिकचे बूट, वरची फळी भिंतीला दोन क्लॅम्पने बांधलेली, खालची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर.

आता कार. तुमचे गॅरेजही पहिल्या प्रश्नातल्यासारखे १२ बाय १८ फुटांचे धरले तर १२ फुटांची रुंदी म्हणजे ३.६६ मीटर. चार मीटरच्या आतल्या गाड्या साधारण १.७५ मीटर रुंद असतात. पॅसेंजरच्या बाजूला ३८ सेंटिमीटरचा रॅक आणि ५५ सेंटिमीटरची वाट ठेवली तर ड्रायव्हरच्या बाजूला ९८ सेंटिमीटर उरतात, दार उघडून उतरायला पुरेसे. रॅक १८ इंची घेतला तर ती वाट आणखी अरुंद होऊन माणूस आडवा होऊन चालेल. दोन्ही बाजूंना रॅक लावायचा मोह टाळा. लांबीतले उरलेले जवळजवळ दीड मीटर समोरच्या भिंतीला कामाचे टेबल करायला ठेवा : उंची ३४ ते ३६ इंच, खोली २० इंच, वर १९ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय. साधा कमर्शियल प्लाय पावसाळ्यात कडेने फुगतो.

प्रश्न : गॅरेजमध्ये एकच बल्ब आणि एक जुना प्लग आहे. आता इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करायची आहे, पुढे कारही घेऊ. इन्व्हर्टरची बॅटरीही तिथेच ठेवावी म्हणतो. — वाचक, नरेंद्रनगर

उत्तर : स्कूटरचा घरगुती चार्जर बहुधा एक किलोवॅटच्या आत असतो, त्याला चांगला प्लग पुरतो. कारबरोबर मिळणारा चार्जर मात्र १५ अँपिअरच्या आसपास, सहा-सात तास सलग खेचतो. मिक्सर किंवा इस्त्रीचा भार असा तासन्‌तास राहत नाही, म्हणून जुन्या वायरिंगवर तो खपतो. गाडीचा भार सैल स्क्रूला आणि पातळ वायरला तापवत नेतो, आणि प्लग वितळतो. त्यामुळे एकदाच खर्च करा : मीटर बोर्डपासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची लाइन, २० अँपिअर एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) आणि टोकाला औद्योगिक प्रकारचा १६ अँपिअर सॉकेट. अर्थिंग मोजून घ्या, नुसती हिरवी वायर दिसली म्हणून समाधान मानू नका. हे काम परवानाधारक वायरमनचेच. पाइप ठोकणे, बॉक्स बसवणे तुम्ही करा. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवरून गाडी कधीही चार्ज करू नका. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही.

सगळे सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर घ्या. दिवे छताच्या मधोमध नकोत, बॉनेट उघडले की इंजिनवर त्याचीच सावली पडते. दोन्ही बाजूंच्या भिंतींजवळ २० वॉटची एकेक एलईडी पट्टी लावा.

इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हलका असल्याने छताशी साचतो. शटरशिवाय दुसरी हवा नसलेल्या गॅरेजात बॅटरी नको. खाली एक आणि छतालगत समोरच्या भिंतीत एक जाळी काढल्याशिवाय ती आत आणू नका. त्या जाळ्यांनी मे महिन्यातली उष्माही कमी होते. बॅटरीजवळ ग्राइंडर चालवू नका. पेट्रोलची कॅन आणि गॅस सिलिंडरला गॅरेजात जागाच नाही.

प्रश्न : खोक्यांना वाळवी लागली. कूलर, जुनी पुस्तके, रंगाचे डबे सगळे एकाच कोपऱ्यात आहे. कसे लावावे? — वाचक, दिघोरी

उत्तर : खोकी आधी बाहेर काढून जाळा किंवा फेकून द्या. पुठ्ठा हे वाळवीचे आवडते खाद्य, शिवाय तो फरशीची ओल धरून ठेवतो. भिंतीच्या पायथ्याशी पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसते का बघा. नळी मोडून दोन दिवसांनी पाहा. पुन्हा बांधली असेल तर वाळवी आजही चालू आहे, आणि वर फवारा मारून ती जाणार नाही, कारण वसाहत जमिनीत आहे.

फरशी आणि भिंत मिळतात त्या रेघेवर, आतून, दर एक फुटावर १२ मिमीचे भोक फरशीच्या खालपर्यंत घ्यायचे आणि प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर औषधाचे पाणी सोडायचे. १२ बाय १८ च्या गॅरेजला तीन भिंती धरून सुमारे ५० भोके होतात. औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. नंतर भोके सिमेंटने बुजवा. आवारात विहीर किंवा बोअरवेल असेल तर हे स्वतः करू नका, परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच करून घ्या.

लावताना नियम एकच : फरशीला काहीही टेकता कामा नये. पुस्तके झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, तीही घरातल्या कोरड्या खोलीत बरी. टर्पेंटाइन, थिनर आणि स्प्रेचे डबे टिनाच्या छताखाली वरच्या फळीवर ठेवू नका. स्प्रेच्या डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नये असे छापलेले असते, आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) टिनाखालची वरची फळी सहज तिथवर जाते. ते खालच्या फळीवर, सावलीच्या भिंतीला, झाकण घट्ट लावून.

कूलर ठेवण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून दोन दिवस उन्हात वाळवा. पंप काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर चालवा, म्हणजे आतला क्षार सुटतो. मग साध्या पाण्यात चालवून पुसून पिशवीत ठेवा. लाकडाच्या भुशाच्या जाळ्या टाकून द्या, त्या उंदरांना घरटे पुरवतात. खसाच्या जाळ्या वाळवून ठेवता येतात. टाकीच्या तळाला आतून गंज दिसला तर तो आताच घासून लाल ऑक्साइडचा हात मारा, एप्रिलमध्ये तळाला भोक पडल्यावर वेल्डर लवकर मिळत नाही. कूलर दोन विटांवर किंवा चाकांच्या स्टँडवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. वर जुनी सुती चादर टाका. प्लास्टिक गुंडाळले तर आत दमटपणा कोंडतो आणि पत्रा गंजतो.